नऊ शुक्रवार सुरू करताय?

येशूच्या पवित्र हृदयासाठी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकून कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायची ही कॅथलिक भक्ती सोपी वाटते, पण मोडते ती हिशेबात. नऊ महिने सलग पाहिजेत. एक चुकला की परंपरेनुसार पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणून तारखा आत्ताच कॅलेंडरवर खुणावून ठेवा. कधी पहिला शुक्रवारच गुड फ्रायडेला येतो. त्या दिवशी मिस्सा नसते, पण दुपारच्या विधीत कम्युनियन मिळतं.

कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) आधीच्या आठवड्यात उरकावा. शुक्रवारी ऐनवेळी रांग लावली की मिस्सा निम्मी निघून जाते. कम्युनियनआधी तासभर उपवास असतो. पाणी, औषध चालतं, चहा नाही.

खरी कसोटी गुरुवारी रात्री, ११ ते १२. येशूने हा प्रार्थनेचा पवित्र तास सतराव्या शतकातल्या फ्रेंच जोगीण संत मार्गरेट मेरीला दर्शनात सांगितला तो गेथशेमानेच्या रात्रीची, म्हणजे अटकेआधी बागेत त्याने व्याकूळ होऊन प्रार्थना केली त्या रात्रीची, सोबत म्हणून. झोप येणारच, शिष्यांनाही आली होती. पुस्तकी प्रार्थनांनी तास भरू नका. मत्तय २६:३६-४६ सावकाश वाचा, मग गप्प बसा. सुरुवातीला पंधरा मिनिटंही पुरेत.

या भक्तीला जोडलेल्या येशूच्या बारा वचनांपैकी शेवटच्यावरच, म्हणजे नऊ शुक्रवार पाळणाऱ्याला मरताना कृपा मिळेल यावरच, डोळा ठेवून नऊ शुक्रवार मोजणारे बरेच असतात. ती विम्याची पॉलिसी नव्हे. येशूच्या प्रेमाला उत्तर द्यायचं तर शुक्रवारी घरातल्या अबोल्यापासून सुरुवात करा. तिथे मेणबत्तीपेक्षा जास्त खर्च येतो.