क्रोशाची मोठी चादर अर्ध्यातच राहते, नेटाने पूर्ण कशी करायची?

डबलबेडची चादर दीड वर्षापूर्वी सुरू केली, अजून निम्मीही नाही आणि आता त्या पिशवीकडे बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी पहिली चादर तीन वर्षं पलंगाखाली होती. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी शेती. सासूबाई येता-जाता विचारायच्या, "काऊन वं, झाली नाही का तुही वाकळ अजून?"

ती मी सलग विणत होते, २०० खांबांची (खांब म्हणजे क्रोशाचा उभा, उंच टाका) एकेक ओळ. ओळीच्या सुरुवातीला घालतो त्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब, आणि उलट फिरून येताना शेवटचा खांब त्यातल्या तिसऱ्या साखळीत घ्यायचा असतो. हे मी अधूनमधून विसरायची. दीड हात झाल्यावर खाटेवर पसरली तर वरची बाजू चार बोटं अरुंद! उसवली सगळी. तुमची सलग असेल तर दर २५ खांबांवर एक सेफ्टी पिन लावा. मोजणी चुकत नाही, आणि ओळ पुरी झाली नाही तरी आज तीन पिना पुढे सरकलो हे डोळ्यांना दिसतं.

दुसऱ्यांदा मी सुटे चौकोन विणून जोडायचे ठरवले. सहा इंचांचा एक, आडवे १० आणि उभे १५, म्हणजे ५ फूट बाय साडेसात फुटांची सिंगल चादर. डबलला १५ बाय १५, २२५ चौकोन धरा. एकाला मला पाऊण तास लागतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ वर असताना अर्धी लोकरीची चादर मांडीवर घेऊन बसवत नाही. चौकोन तळहातावर मावतो.

लोकर आधीच पुरती घ्या. दहा चौकोन करून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. माझे ११० ग्रॅम भरले, म्हणजे १५० ला १ किलो ६५० ग्रॅम, वर काठासाठी थोडी. वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच बघून घ्यायची. माझी हिरवी संपली, नंतर आणली ती त्याच नावाची पण दुसऱ्या लॉटची. दिव्याखाली कळलं नाही, अंगणात कळलं. ती बाजू आता पायाकडे असते.

आणि शेपट्या! तीन रंगांच्या चौकोनाला लोकरीची सहा सुटी टोकं, १५० ला ९००. मी ती शेवटावर ठेवली आणि मार्गशीर्षातले सगळे गुरुवार त्यातच गेले. आता टोकं सुईने आत लपवल्याशिवाय चौकोन मोजतच नाही. दहा झाले की लगेच जोडून पट्टी करते.

रोज थोडं करा, असं सगळे सांगतात. मला नाही जमत. कापूस वेचताना पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोकं बोटं ओरबाडतात, मग लोकर त्या खरखरीत कातड्यात अडकते. तेल लावलं तर लोकर मळते. म्हणून वेचणीत मी सुईला हात लावत नाही. उलट हरभऱ्याच्या ओलिताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची असते त्या आठवड्यात हे शेतात जातात आणि मला तशीही झोप येत नाही. तेव्हा सात-आठ चौकोन सहज होतात. खंड पडला की हात मात्र घट्ट पडतो, चौकोन लहान होतो. त्यासाठी पहिला चौकोन पिशवीला टाचून ठेवलाय, नवा त्यावर ठेवून बघते.

सध्या मुलीसाठी दुसरी चालू आहे. ७३ झालेत, सात पट्ट्या नि तीन सुटे. पुढच्या आठवड्यात दुसरी वेचणी, म्हणून पिशवी खुंटीला टांगलीय. खाली ठेवली तर उंदीर आधी लोकरच पळवतो.