नागपुरात ज्युदोच्या क्लासला मुलीला पिवळा पट्टा मिळाला. पट्ट्यांची ही पद्धत ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनीच सुरू केली का?

काळा पट्टा कानो यांचाच, पण पिवळा-नारिंगी-हिरवा ही रांग नंतर युरोपात रूढ झाली. मी धरमपेठेत ज्युदो शिकवतो, पालक हे नेहमी विचारतात. कानो (1860–1938) अंगाने किरकोळ, शाळेत मार खायचे, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकले. 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी देवळात, जेमतेम 12 चटयांच्या जागेत, त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा उघडली. पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी, म्हणजे आजच्या काळ्या पट्ट्याची पातळी, दिली. तेव्हा कमरेला वेगळा पट्टा नव्हता, काळा पट्टा काही वर्षांनी आला. केवढी दूरदृष्टी होती या माणसाची! मात्र रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा मुलीचा पुढचा पट्टा कोणता हे तिच्या सरांनाच विचारा.