मराठी शॉर्ट फिल्म आफ्रिकेतल्या चित्रपट महोत्सवात पाठवता येते का?

तुम्ही विचारलंय की तुमची 18 मिनिटांची मालवणी शॉर्ट फिल्म आफ्रिकेतल्या महोत्सवाला पाठवली तर घेतील का, आणि पाठवायची तर कुठे. पाठवता येते. फक्त फॉर्म भरण्याआधी तो महोत्सव कोणासाठी आहे हे बघा. मी ते बघितलं नव्हतं.

सगळ्यात मोठं नाव फेस्पाकोचं. बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरात 1969 पासून भरतो, दर दोन वर्षांनी. सर्वोच्च पुरस्कार म्हणजे येनेंगा या दंतकथेतल्या राजकन्येचा सोनेरी घोडा. पण तिथली मुख्य स्पर्धा आफ्रिकी दिग्दर्शकांसाठी आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. फ्रेंच राजवटीत, 1934 च्या हुकमानुसार, आफ्रिकेतल्या वसाहतींत कॅमेरा लावायचा तर पटकथा आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागे. स्वातंत्र्यानंतरही थिएटरांत काय लागणार हे परदेशी वितरक ठरवायचे, म्हणून 1970 मध्ये बुर्किना फासोच्या (तेव्हाच्या अपर व्होल्टाच्या) सरकारने थिएटरंच ताब्यात घेतली. आपल्या लोकांचे सिनेमे आपल्याच गावात बघता यावेत यासाठी त्यांनी हा पडदा मिळवलाय. तिथे आपल्याला जागा नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ट्युनिशियातला कार्थेज महोत्सव 1966 पासूनचा, त्याची स्पर्धाही अरब आणि आफ्रिकी सिनेमांची.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं तसं नाही. 1979 मध्ये, वर्णभेदाच्या काळात सुरू झालेला हा महोत्सव जगभरातल्या फिल्म घेतो. म्हणजे दार उघडं, पण गर्दीही तेवढीच.

तुमच्या फिल्मसाठी मी आधी टांझानियातल्या झांझिबार बेटावरचा महोत्सव म्हणेन. 1997 मध्ये स्थापन झालेला हा महोत्सव स्वतःला ‘धाऊ देशांचा महोत्सव’ म्हणवतो. धाऊ म्हणजे आपल्या गलबतासारखं शिडाचं जहाज. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर ही जहाजं अरबस्तानातून, हिंदुस्थानातून पूर्व आफ्रिकेला जायची आणि नैऋत्य वारा सुरू झाला की परतायची. ती जिथे जिथे लागायची ते सगळे देश या महोत्सवाचे, त्यात भारतही आला. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात, ते याच येण्याजाण्यातून. तुमची गोष्ट देवगडच्या तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाची, आहे असं तुम्ही लिहिलंय. अर्जासोबतच्या टिपणात हे नातं दोन ओळींत, साधेपणाने लिहा. ते खरं आहे, फुगवायची गरज नाही.

आता माझे पैसे कुठे गेले ते सांगतो. नावात ‘आफ्रिकन’ असलेल्या एका ऑनलाइन स्पर्धेला मी फी भरली. दोन आठवड्यांत विजेता म्हणून मेल आला, सोबत पानांची माळ असलेलं चित्र, आणि खाली ट्रॉफी हवी असल्यास वेगळे पैसे. थिएटर नाही, प्रेक्षक नाही, परीक्षकांची नावं नाहीत. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर असले पुष्कळ आहेत. मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोधा: कोणत्या हॉलमध्ये, किती वाजता, कोणती फिल्म. ते सापडलं नाही तर सोडून द्या.

सगळ्यात जास्त वेळ सबटायटल्सना द्या. माझ्याही फिल्ममध्ये एक म्हातारा तांडेल आहे, तो म्हणतो, “वारो पडलो.” मी आधी इंग्रजीत वारा ‘खाली पडला’ असंच केलं होतं. एका मैत्रिणीने विचारलं, कुठून पडला? मग ‘वारा नाही’ एवढंच ठेवलं, आणि त्याचा चेहरा बघायला वेळ मिळाला. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं. पात्र भरभर बोलत असेल तर निम्मं गाळा. मालवणी न कळणाऱ्या माणसाला आवाज बंद करून फिल्म दाखवा, तो कुठे अडखळतो ते लिहून घ्या. फ्रेंच भाषक देशात पाठवणार असाल तर फ्रेंच सबटायटल्सची सोय आधीच बघा.

बाकीचं किरकोळ. निकाल लागेपर्यंत फिल्म यूट्यूबवर टाकू नका, काही महोत्सवांना आधी कुठेच न दाखवलेली लागते. विमिओच्या लिंकला पासवर्ड ठेवा आणि तो मध्येच बदलू नका, निवड समिती कधी उघडेल सांगता येत नाही. फी असली तर ती बहुधा डॉलरमध्ये असते, तेव्हा शेवटच्या तारखेच्या आधीच कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

सबटायटल्सची फाइल एकदा बघून हवी असेल तर इथेच खाली लिहा, मी आनंदाने वाचेन.