मित्राच्या बॅचलर पार्टीसाठी इटलीतले कोणते शहर निवडावे आणि तीन दिवसांची आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात लग्न असलेल्या मित्रासाठी तुम्ही आठ जण सप्टेंबरच्या अखेरीस शुक्रवार ते रविवार इटलीत जमणार आहात, दोघे पुण्याहून येतील, एक लंडनहून आणि बाकीचे जर्मनी व नेदरलँड्समधून, आठांपैकी दोघे शाकाहारी आहेत आणि रोम, मिलान की व्हेनिस यावर तुमच्या गटात अजून एकमत होत नाही. माझे उत्तर या तिन्हींपैकी एकही नाही. मी बोलोन्या सुचवेन. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नऊ मित्र याच कारणासाठी तिथे तीन दिवस राहिलो होतो, आणि तेव्हा आखणीचे काम माझ्याकडे असल्यामुळे काय साधले व काय फसले हे दोन्ही मला सविस्तर सांगता येईल.

आधी नकारांची कारणे सांगतो. व्हेनिस दोघांनी जावे असे शहर आहे. आठ जणांनी बॅगा घेऊन पूल चढायचे, बोटींच्या वेळा सांभाळायच्या आणि रात्री दहानंतर बसायला जागा शोधायची, यात वीकेंड संपतो. रोम अफाट आहे, तिथली अंतरे मोठी आहेत, आणि घोळक्याने एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरवण्याच्या आयोजित फेऱ्यांवर तिथल्या महापालिकेने २०१९ मध्ये बंदीही घातली आहे. मिलान महाग आहे आणि पसरलेले आहे. मोठ्या गटाचा अर्धा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो, त्यामुळे सगळे पायी वीस मिनिटांच्या आत असेल असे शहर निवडणे हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. बोलोन्याचे जुने शहर तसे आहे. शिवाय १०८८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे तिथे तरुणांची सतत वर्दळ असते, म्हणजे मध्यरात्री आठ जण हसत रस्त्याने चालले तरी कोणी वळून पाहत नाही.

आता व्हिसा. हा विषय कंटाळवाणा असला तरी सगळी आखणी त्यावरच उभी आहे. जर्मनी व नेदरलँड्समध्ये निवास परवाना असलेल्या मित्रांना वेगळा व्हिसा लागत नाही. पुण्याच्या दोघांना शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा, लागेल हे तुम्ही धरलेच असेल. पण लंडनच्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यालाही तो लागतोच, कारण ब्रिटनचा निवास परवाना शेंगेन क्षेत्रात चालत नाही, आणि आमच्या गटातला लंडनकर नेमका हेच विसरला होता. शुल्क ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कागदोपत्री मुदत पंधरा दिवसांची असली तरी खरी अडचण अर्ज भरण्याची वेळ मिळण्याची असते, विशेषतः मुंबईत उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास. त्यामुळे या तिघांची वेळ मिळाल्याशिवाय घर आरक्षित करू नका, आणि केलेच तर रद्द करता येईल असे करा.

दुसरी गोष्ट तारखेची. बोलोन्या हे मोठ्या व्यापारी प्रदर्शनांचे शहर आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिथे सिरॅमिक फरशांचे चेर्साए नावाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, तेव्हा एरवी परवडणाऱ्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. त्याचे वेळापत्रक पाहून तुमचा वीकेंड आठवडाभर इकडेतिकडे सरकवलात तर राहण्याच्या खर्चात मोठा फरक पडेल. पावसाची मात्र चिंता करू नका. शहरात सर्व मिळून सुमारे ६२ किलोमीटर लांबीच्या कमानदार ओसऱ्या आहेत, रस्त्याच्या कडेने घरांच्या खालून जाणाऱ्या. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. आम्ही शुक्रवारी रात्री धो धो पावसात बाहेर पडलो आणि छत्री न उघडता जेवून घरी परतलो.

पुण्याहून येणाऱ्यांनी मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे थेट बोलोन्याच्या विमानतळावर उतरावे. तिथून मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य रेल्वे स्थानकावर सोडते. तिकीट थोडे स्वस्त पडते म्हणून मिलानला उतरण्याचा मोह आमच्यातल्या एकाला झाला. तो शुक्रवार होता, आणि इटलीत रेल्वेचा संप व्हायचा तर तो बहुधा शुक्रवारीच होतो. संपाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, तेवढाच आधार. बिचारा दुपारभर मिलानच्या स्थानकात बॅगेवर बसून राहिला, सहानंतर सुटलेल्या पहिल्या गाडीत उभ्याने आला आणि जेवणाच्या टेबलावर पोहोचला तेव्हा आम्ही कॉफीपर्यंत आलो होतो. संपांची यादी तिथले वाहतूक मंत्रालय आधीच जाहीर करते. निघण्यापूर्वी आठवडाभर ती पाहत राहा.

तीन दिवसांच्या कार्यक्रमाबद्दल माझा सल्ला असा, की दिवसाला एकच गोष्ट वेळेला बांधलेली ठेवा. आमच्या पहिल्या मसुद्यात शनिवारी सात गोष्टी होत्या. प्रत्यक्षात दोन झाल्या आणि त्याच सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्यातली पहिली म्हणजे ऑस्तेरिया देल सोले. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे, त्याच्या एका बोळात हे मद्यगृह १४६५ पासून असल्याचे सांगतात. तिथे खायला काहीही मिळत नाही, फक्त पेये मिळतात. खाणे आपण बाजारातून आणायचे. आम्ही आधी बाजारात शिरून दुकानादुकानांतून चीज, ऑलिव्ह, पाव, सुकवलेले टोमॅटो आणि मांसाहारी मंडळींसाठी कागदासारखी पातळ कापलेली मोर्तादेल्ला घेतली, आत जाऊन लांब लाकडी टेबलावर कागदाचे पुडे उलगडले आणि लाम्ब्रुस्को ही फेसाळ लाल वाइन मागवली. चखणा आपला आणि पेला त्यांचा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आमच्या पुण्याच्या मित्राने आणलेली बाकरवडी चाखली, दुसरी मागून घेतली, आणि तिसरी खिशात ठेवली.

दुसरी गोष्ट त्याच चौकात, फुकट होती. पोदेस्ता प्रासादाच्या खाली चार बाजूंनी उघडी अशी घुमटाकार छताची जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटले की समोरच्या तिरप्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते, मधल्या गर्दीला मात्र नाही. भिंतींना कान असतात हे आपण ऐकलेले असते. इथल्या भिंतींना तोंडही आहे. आम्ही नवरदेवाला एका कोपऱ्यात उभे केले, कपाळाला घरून आणलेल्या मुंडावळ्या बांधल्या, आणि समोरच्या कोपऱ्यातून एकेकाने त्याला अशी एक गोष्ट सांगितली जी आजवर सांगायची राहिली होती. पहिले दोघे चेष्टा करून गेले. तिसऱ्याने काय सांगितले ते आम्हाला अजून माहीत नाही, पण नवरदेव बराच वेळ भिंतीकडेच तोंड करून राहिला. नंतर त्याच मुंडावळ्यांसह विद्यापीठाच्या रस्त्याने जाताना मुलांनी टाळ्या वाजवत त्याला ‘दोत्तोरे, दोत्तोरे’ (पदवीधराला म्हणतात तसे) म्हणून गाठले. तिथे पदवी मिळालेला विद्यार्थी डोक्यावर हिरव्या पानांचे कडे घालून मिरवतो. त्यांना वाटले, ही त्याचीच भारतीय आवृत्ती असावी.

जेवणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या दोन शाकाहारी मित्रांसाठी हे शहर वरवर पाहता प्रतिकूल आहे. इथले प्रसिद्ध पदार्थ मांसाचे आहेत: तोर्तेल्लिनीच्या पोटात डुकराचे मांस असते आणि ती मांसाच्या रश्शात वाढतात, ताल्यातेल्ले ही चपटी शेवई रागू नावाच्या मांसाच्या दाट सॉसबरोबर येते. (या शेवईची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर असावी, हे १९७२ मध्ये तिथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवले गेले आहे आणि तिची सोन्याची प्रतिकृतीही ठेवली आहे. पुरणपोळीच्या बाबतीत आपण हे अजून केलेले नाही, हे एका परीने बरेच आहे.) शाकाहाऱ्यांनी तोर्तेल्लोनी मागवावी. नाव मिळतेजुळते असले तरी ही आकाराने मोठी असते, आत बहुधा रिकोत्ता चीज असते, कधी सोबत पालक, आणि वरून लोणी व सेजची पाने. शरद ऋतूत भोपळ्याचे सारण भरलेलीही मिळते. सावध राहायचे ते न दिसणाऱ्या गोष्टींबाबत: क्रेशेंतीने नावाच्या तळलेल्या पुऱ्या आणि पियादिना ही पोळी यांत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी वापरतात, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, तेव्हा तो शब्द पाठ करून विचारावे. पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनते. ताज्या पास्त्यात अंडे असते. तुमचे मित्र अंडे खात नसतील तर एक जेवण पिझ्झाच्या जागी आणि एक घरी शिजवून, असेच धरून चाला. त्यासाठी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे.

उपाहारगृहाचे आरक्षण मात्र आधीच करा. आठ जणांचे टेबल शनिवारी रात्री आयत्या वेळी मिळत नाही, आणि दुपारी अडीचच्या सुमारास बंद झालेली स्वयंपाकघरे साडेसातशिवाय उघडत नाहीत. मधल्या वेळेत संध्याकाळी सहापासून आपेरितीव्हो चालतो, म्हणजे एका पेयाबरोबर बारीकसारीक खाणे. तेवढ्यावर रात्र काढण्याचा विचार करू नका. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागलेले दिसतील. ती टेबलावर बसण्याची रक्कम आहे, फसवणूक नव्हे, त्यामुळे त्यावरून वाद घालू नये.

गाड्यांचे वेड असलेले कोणी गटात असतील तर बोलोन्याला पर्याय नाही. डुकाटीचा कारखाना आणि संग्रहालय शहराच्याच बोर्गो पानिगाले भागात आहे, लॅम्बोर्गिनी जवळच्या सांतागाता बोलोन्येझे गावात आणि फेरारी मोदेनापलीकडे मारानेल्लोला. मोदेना रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येते. मारानेल्लोत संग्रहालयाबाहेर भाड्याने फेरारी चालवायला देणारे बरेच आहेत. काही मिनिटांच्या फेरीला शंभराहून अधिक युरो पडतात आणि भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. आम्ही नवरदेवासाठी सगळ्यांनी मिळून एक फेरी घेतली. आदल्या रात्री त्याला एक पेला कमी पाजावा लागला, कारण चालकासाठी रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि ही चेष्टेची गोष्ट नाही. शहरात मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेऊ नका. जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेल्यास कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचे पत्र महिन्यांनी घरी येते. आमच्यातल्या एकाला ते अगदी त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या आठवड्यात आले.

आसिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढण्याचा बेत कोणी सुचवला तर सांगा, की शेजारच्या कलत्या गारिसेंदा मनोऱ्याच्या दुरुस्तीमुळे तो ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. त्याऐवजी रविवारी सकाळी सान लुकाला चालत जावे. पोर्ता सारागोत्सा या वेशीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत जवळजवळ चार किलोमीटर सलग ओसरी आहे, ६६६ कमानींची, आणि शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे. रात्रीची झिंग उतरवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी पियात्सा माज्जोरेहून पर्यटकांची छोटी गाडी वर जाते. आमच्यातले दोघे तिने आले आणि आम्ही पोहोचेपर्यंत पायरीवर बसून आम्हालाच नावे ठेवत होते.

रात्री बसायला व्हिया देल प्रातेल्लो हा रस्ता बारांनी भरलेला आहे, पण वरच्या मजल्यांवर माणसे राहतात. ओरडाआरडा केला तर आधी खिडकी उघडते आणि मग पोलीस येतात. रात्री ३ नंतर मद्यविक्री कायद्याने बंद होते, तेव्हा बेत त्या बेताने आखावा.

राहिला पैशांचा प्रश्न, ज्यावरून मित्रांमध्ये खरी कुरबूर होते. विमान सोडून आम्हाला माणशी साधारण ४२० युरो लागले, त्यात नवरदेवाचा वाटा बाकीच्या आठांनी उचलला. युरोत पगार घेणाऱ्याला ही रक्कम जाणवत नाही, पुण्याहून व्हिसा आणि विमानासह येणाऱ्याला ती महिन्याच्या हप्त्याइतकी असते. म्हणून आम्ही घराचे भाडे युरोपात राहणाऱ्यांनी आपसांत वाटून घेतले आणि हे पुण्याच्या मित्रांना तिथे पोहोचल्यावर सांगितले, कारण आधी सांगितले असते तर त्यांनी मानले नसते. आजी-आजोबांच्या पिढीत मित्राच्या घरून केळवण होत असे आणि त्याचा हिशेब कोणी मागत नसे. तुमच्या गटातही कोणी हिशेब मागितला तर त्याला हेच कारण सांगा. मात्र लंडनच्या मित्राला आजच फोन करून त्याने व्हिसासाठी वेळ घेतली आहे का, हे विचारून घ्या.