वाचकांचे प्रश्न : गोवरीसारखा चहा आणि बोंबलाचा वास

प्रश्न : ताई, माझ्या बहिणीचा मुलगा हाँगकाँगला नोकरीला आहे, दिवाळीत आला तेव्हा माझ्यासाठी कागदात गुंडाळलेली एक गोल जाड चकती घेऊन आला, म्हणाला मावशी हा पुएर चहा, तिकडे लोक जेवताना पितात. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, गोवरी कशाला आणलीस रे. मी हातोडीने तुकडा फोडला, नेहमीसारखं आलं, साखर, दूध घालून खळखळून उकळला तर अख्ख्या घरात सुक्या बोंबलाचा वास. आम्ही गिरगावातले, बोंबलाचं वावडं नाही, पण चहात नको हो. मोरीत ओतला. आता तो दर रविवारी फोन करून विचारतो आवडला का, आणि मी खोटं बोलते. 357 ग्रॅमची चकती आहे, एवढ्याचं करू काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आधी चकती टाकू नका आणि हातोडी जागेवर ठेवून या.

तो वास चहा खराब झाला म्हणून नाही आलेला, तो बनवतातच तसा. पुएर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा, मोठ्या पानांचा, आसाम चहाच्याच जातीचा, म्हणजे नाक्यावरच्या कटिंगचा लांबचा चुलतभाऊच म्हणा. याचे दोन प्रकार, शेंग आणि शू. शेंग म्हणजे कच्चा (भुईमुगाशी काही संबंध नाही), तो वर्षानुवर्षं ठेवून हळूहळू मुरू देतात. पण हाँगकाँगमधल्या गिऱ्हाइकांना मुरलेला, काळा, मऊ चहा हवा असायचा आणि तेवढी वर्षं माल अडकवून ठेवणं परवडायचं नाही, म्हणून 1973 मध्ये कुनमिंगच्या चहा फॅक्टरीत झटपट मुरवायची पद्धत बसवली. पानांचा मोठा ढीग लावायचा, त्यावर पाणी मारायचं, झाकायचं, मधेमधे उलथापालथ करायची आणि साधारण दीड-दोन महिने हेच. ढीग आतून 50-60 अंशांपर्यंत तापतो. ऐकायला सोसायटीच्या कंपोस्टसारखं वाटतं ना? तत्त्व तेच आहे, सूक्ष्मजीव आणि ऊब. हा झाला शू, म्हणजे पिकवलेला, आणि तुमच्या वर्णनावरून भाच्याने हाच आणलाय. ढिगाचा वास नव्या चकतीत अडकून बसतो, कोणाला मासळी वाटते, कोणाला तळ्यातला गाळ, मला पहिल्या कपात आजोळच्या माळ्यावरचं भिजलेलं गोणपाट आठवलं होतं आणि मी कप तसाच बेसिनवर ठेवून दिला होता, तेव्हा तुमच्या मोरीला मी काही बोलणार नाही.

हा वास उडतो. नुसती ठेवलीत तर वर्ष-दोन वर्षांत बराच जातो, पण भाचा दर रविवारी फोन करणार म्हणजे आपल्याला घाई आहे. तर चकतीतला पाव भाग सुटा करा. त्याला हातोडी नको, अडकित्ता नको, खलबत्ता तर नकोच, कारण भुगा झाला की चहा पहिल्याच पाण्यात सगळं ओकतो आणि नुसता चिखल लागतो. गोण्या शिवायचा दाभण असतो ना, तो धुऊन पुसून घ्या, चकतीच्या कडेतून आडवा आत सरकवा आणि हळूच उचला, पापुद्रे सुटतात. हात पुढे धरू नका, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. हे पापुद्रे चिनी मातीच्या बरणीत भरा, लोणच्याची नाही, कोरी, आणि वर फडकं बांधून दोन-तीन आठवडे कोरड्या जागी विसरून जा.

मग करायचा कसा. साधारण 5 ग्रॅम चहा, एक लहान झाकणाचं भांडं, शंभर-सव्वाशे मिली पाणी. पाणी उकळतंच हवं, कोमट करून लाड करायची गरज नाही. पहिलं पाणी ओतायचं, दहा सेकंद थांबायचं आणि ते फेकायचं. नवी चकती असेल तर हे दोनदा करा, अर्धी मासळी इथेच वाहून जाते. तिसऱ्या पाण्यापासून प्यायचं, पुन्हा दहाच सेकंद, मग पंधरा, मग वीस, असं वाढवत जायचं, तीच पानं आठ-दहा वेळा सहज चालतात. आपला हात इथेच चुकतो कारण आपल्याला उकळायची सवय. एवढा खटाटोप रोज नको असेल तर मोठ्या मगात 3 ग्रॅम, धुऊन, तीन-चार मिनिटं. किंवा थर्मासमध्ये चार चिमटी आणि उकळतं पाणी टाकून निघा, चर्चगेटला पोचेपर्यंत तयार, चांगला शू जास्त वेळ राहिला तर सहसा कडू होत नाही, फक्त दाट होतो.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. हा चहा चार वाजताच्या चहाच्या जागी प्यायला बसलात तर दर वेळी हरणार, कारण जीभ आलं-साखरेची वाट बघत असते आणि समोर येतं काळं, गुळगुळीत, जमिनीच्या चवीचं पाणी. मला तो आवडायला लागला ते त्याला चहा म्हणायचं सोडल्यावर. एका रविवारी मटण झालं होतं, सोलकढी करायचा कंटाळा आला होता, म्हणून वाटीत हाच ओतून घेतला, भातानंतर, घोटघोट. तोंडातला तेलकटपणा उतरला आणि मागे खजुरासारखा गोडसर काहीतरी राहिलं. सार पितो तसा प्या. हाँगकाँगला डिमसमबरोबर लोक हेच करतात, तिथे याला बो लेई म्हणतात, शेवंतीची फुलं घालून पण देतात. तुमच्या भाच्याने "जेवणाबरोबर" सांगितलं होतं, आपण ते ऐकून सोडून दिलं. दुधाला माझा विरोध नाही, दाट शूमध्ये थोडं दूध छान जातं, पण आधी दहा-बारा वेळा कोरा पिऊन बघा, आलं मात्र नको, मग दोघं भांडतात.

रविवारी फोन आला की सांगा, बरणीत ठेवलाय. तो ओळखेल.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. मागच्या जुलैत माझ्या पुएरच्या विटेवर हिरवट लव आली. उन्हात वाळवून वापरू का? आणि मुंबईत हा चहा ठेवायचा तरी कुठे?

उत्तर : नाही, टाका. केसाळ, लव असलेली, हिरवी, काळी, पिवळी, कुठलीही बुरशी दिसली की ती वीट गेली. वाळवल्याने दिसायची बंद होते, एवढंच. "अहो हा बुरशीचाच चहा आहे" असं कोणी तुम्हाला सांगेल, त्यांना सांगा की फॅक्टरीतला ढीग वेगळा आणि तुमच्या कपाटातला जुलै वेगळा.

या चहाला हवेत साधारण 60-70 टक्के दमटपणा मानवतो, आपल्याकडे पावसाळ्यात तो 85-90 पर्यंत जातो. म्हणून ऑक्टोबर ते मे कागदात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीला न टेकवता. जूनला पहिला पाऊस पडायच्या आत झिपच्या जाड पिशवीत घट्ट बंद, आणि गणपती उरकून हवा जरा कोरडी झाली की परत बाहेर. सिलिका जेल भरमसाट टाकू नका, चहा पार मरतो. आणि कपड्यांच्या कपाटात तर अजिबात नको, डांबरगोळ्यांचा वास एकदा शिरला की संपलं. स्वयंपाकघरात पण नको, मी माझी पहिली चकती गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली होती आणि नंतर वर्षभर दगडफुलाचा चहा प्यायले.

प्रश्न : ऑनलाइन एका दुकानात 7572 नावाची चकती दिसली, विक्रेता म्हणतो 1975 ची आहे म्हणून महाग. घेऊ का? मी आत्ताच सुरुवात करतोय.
— दादर

उत्तर : 75 हे त्या मिश्रणाची रेसिपी कोणत्या वर्षाची ते सांगतं, चहा कोणत्या वर्षाचा ते नाही. पुढचा 7 म्हणजे पानांची प्रत आणि शेवटचा 2 म्हणजे मेंगहाई फॅक्टरी, कुनमिंगला 1 आणि शियागुआनला 3. ही रेसिपी अजूनही बनते, त्यामुळे 7572 चा चहा गेल्या चार-पाच वर्षांतला पण असू शकतो. तो नवशिक्यासाठी चांगलाच, कारण शू सरळसाधा कसा लागतो ते कळतं, पण नकली माल बराच फिरतो आणि चकतीच्या कागदावर छापलेलं वर्ष हा काही पुरावा नाही. आख्खी चकती घेऊच नका, 25-25 ग्रॅमचे तीन-चार वेगळे नमुने घ्या. मला विचाराल तर आधी संत्र्यासारख्या छोट्या फळात भरलेला मिळतो तो घ्या, सालीच्या वासामुळे ढिगाचा वास बोचत नाही.

प्रश्न : हा चहा प्यायल्याने पोट कमी होतं का? रात्री प्यायला तर चालतो ना?
— बोरिवली

उत्तर : पोटाचं ज्यांनी तुम्हाला विकलं त्यांना विचारा. माझं तर तसंच आहे. रात्रीचं म्हणाल तर यात कॅफीन असतं, मुरला म्हणून ते जात नाही, आणि काही गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. बाकी ज्याच्या त्याच्या अंगावर आहे, आमच्याकडे हे रात्री दहाला दोन वाट्या पिऊन घोरायला लागतात आणि मी अडीच वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडलेली असते.