एकाच रंगात गोधडी शिवताना

अगं, पहिलीच गोधडी नुसत्या हिरव्यात शिवायची म्हणतेस, तर आधी रावेर-यावलकडची केळीची बाग नीट बघून ये. नवा पोंगा पोपटी, पसरलेलं पान गडद, वाळत चाललेली कड पिवळसर. सगळं एकाच घराण्यातलं, तरी प्रत्येक वेगळं दिसतं. तुझ्या कापडांत हेच हवं.

सगळे तुकडे पलंगावर पसर आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढ. दुकानात वेगवेगळे वाटलेले चार हिरवे या फोटोत एकसारखे राखाडी दिसतात. तसं झालं, तर कितीही सुबक शिवलंस तरी नक्षी उठणार नाही. एक अगदी फिकं आणि एक जवळजवळ काळपट कापड घालच. छापही बदल: एखादं बारीक बुट्टीचं, एखादं रेघांचं, बाकी साधी. मला तर आजीच्या जुन्या लुगड्याचा विटका हिरवा नव्या कापडापेक्षा जास्त आवडतो, पण विरलेला भाग घेऊ नकोस.

नवं सुती कापड धुऊनच काप. ओल्या कापडावर पांढरी चिंधी दाबून रंग सुटतो का बघ.

साडेतीन इंचांचे १६ चौकोन काप, शिवण पाव इंचच ठेव. चार-चारच्या चार ओळी जोडून झालेली चौकट प्रत्येक बाजूने साडेबारा इंच भरली पाहिजे. बारा भरली, तर शिवण रुंद जातेय. पुढची चौकट शिवण्याआधी हीच उसव.