घड्याळ म्हणते गैरहजर, मग पगार कापता येतो का?

प्रश्न : आम्ही महापालिकेच्या ठेकेदाराकडे झाडलोट करतो. मनगटावर जीपीएसचे घड्याळ सक्तीचे केले आहे. बीटवर, म्हणजे झाडायला नेमून दिलेल्या भागात, असतानाही ते 'हद्दीबाहेर' दाखवते आणि महिनाअखेर खाडा लागतो. संघटनेने काय करावे? – सफाई कामगार

उत्तर : घड्याळ कुठे चुकते ते आधी नीट समजून घ्या, कारण 'मशीन खोटे बोलत नाही' हेच तुम्हाला ऐकवले जाणार. उघड्या आभाळाखाली जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असते. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिकाण कित्येक मीटर सरकते. नकाशावर बीटची हद्द रस्त्याला चिकटून आखली असेल, तर जागेवर झाडणारी ताई यंत्राला बाहेर दिसते. बॅटरी उतरली किंवा सिमला रेंज नसली तर नोंदच पोचत नाही.

म्हणून रोजची वही ठेवा : तारीख, घड्याळाचा क्रमांक, कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळ, चार्जिंग किती, जवळची खूण, मुकादमाची सही. सही मिळाली नाही तर लोकेशन चालू ठेवून मोबाइलवर फोटो. सगळ्या वह्या संघटनेने एकत्र लावाव्यात. एकाच कोपऱ्यावर चौघींची नोंद चुकलेली दिसली की दोष यंत्राचा ठरतो. एकटीच्या तक्रारीला ते वजन येत नाही.

जोडीला महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ठेक्याची प्रत, हद्दीची आखणी आणि दंडाची अट मागा.

आता पगार. वेतन संहितेनुसार गैरहजेरीची कपात जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात करता येते. तासाभरासाठी दिवसाची मजुरी कापणे बेकायदा आहे. दंड असेल तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते आणि तो महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. घड्याळाबरोबर शिस्तीचे नवे नियम लादले असतील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेचे कलम ४० दाखवा : अशा बदलाची नोटीस कामगारांना द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस तो अमलात आणता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर मात्र भिस्त ठेवू नका. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. कामगारांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

प्रश्न : सगळ्यांनी एकाच दिवशी घड्याळे काढून ठेवली तर?

उत्तर : काम चालू असेल तर तो संप होत नाही, पण शिस्तभंगाची नोटीस येऊ शकते, तेव्हा आधी लेखी मागणीपत्र द्या आणि पोच घ्या. सामूहिक रजा मात्र विचार न करता टाकू नका. निम्म्या किंवा अधिक कामगारांची एकत्र किरकोळ रजा आता संपच धरली जाते आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. दहा किंवा अधिक जण ठरवून, नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर नोकरीच्या अटींनुसार आठ दिवसांपर्यंतची मजुरी जाऊ शकते.

चंदीगडच्या सफाई कामगारांनीही या घड्याळांविरुद्ध आंदोलन केले होते. तुमच्या मागणीपत्रात पहिली मागणी ही ठेवा : काम सुटले की घड्याळ हजेरी शेडमध्ये जमा व्हावे आणि तिथेच चार्ज व्हावे. चालू घड्याळ घरी नेले तर ते तुमचे घर आणि येणेजाणेही नोंदवत राहते.